तांबडं तेल

इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग वाढत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सरकायला लागला की पहिली खूण ही. आरपीएमचा काटा अडीच हजारावरून एकदम चार हजारावर उसळतो, क्षणभर गाडी कशालाच जोडलेली नाही असं वाटतं, आणि मग आत कुठेतरी पकड बसते, पाठीला धक्का लागतो आणि गाडी निघते. सगळा प्रकार सेकंद-दीड सेकंदाचा. पण ज्याला गाडी कानांनी चालवायची सवय आहे, त्याच्या पोटात तेवढ्यात कालवतं. इंजिन राबतंय, पेट्रोल जळतंय, आणि त्या राबण्यातलं चाकापर्यंत पुरतं पोचत नाही. जे पोचत नाही ते नाहीसंही होत नाही. त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता आतल्या आत गिअरबॉक्सच खात बसते.

मी राहतो मिशिगनच्या आग्नेय भागात, ॲन आर्बर आणि इप्सिलँटी या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात. आमची जुनी चार गिअरची ऑटोमॅटिक, नव्वदच्या दशकाच्या अखेरची, आता मुलगी चालवते. कॉलेज, अर्धवेळ नोकरी, मैत्रिणी, सगळं त्याच गाडीवर. तिच्या शेजारी बसून हायवेच्या चढत्या रॅम्पवरून निघालो असताना तो काटा उसळलेला मी पाहिला, आणि त्याच क्षणी तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद सैल केलेलाही पाहिला. गिअर पडला. तिनं पुन्हा पाय दाबला आणि गप्पा पुढे चालू ठेवल्या.

"हे कधीपासून होतंय गं?"

"बरेच दिवस झाले, बाबा. गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जरा अडते. पाय सोडला की घेते ती."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आतल्या प्लेटांची पकड कमी झाली होती. इंजिनाचा जोर घटकाभर कमी केला की उरलेली पकड त्याला पुरत होती. तिच्या पायानं हे गणित आपोआप सोडवलं होतं. जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा असंच झाकलं जातं. चालवणारा वाईट असतो म्हणून नव्हे, चांगला असतो म्हणून. तो गाडीला सांभाळून घेतो, चढ आला की आधीच हात राखतो, आणि गाडी अजून चालतेच आहे अशी घरादाराची समजूत कायम राहते. मला त्या पायाचं मनापासून कौतुक वाटलं, आणि धास्तीही. कारण सांभाळून घेतलेल्या प्रत्येक वेळी प्लेटा एकमेकींवर घासतच होत्या.

लहानपणी चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात मी नेहमी ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचो. एसटीचे ते जुने ड्रायव्हर क्लच दोनदा दाबायचे, मधे एक रेस द्यायचे, आणि दांडा न खरखरता आत जायचा. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांची गाठ कुठल्या क्षणी पडते, हे ते कानांनी ऐकत असत. ऑटोमॅटिकमध्ये हे सगळं काम माणसाकडून काढून तेलाकडे दिलेलं आहे. म्हणून तेलाचं समजून घेतल्याशिवाय सरकण्याचं काही समजत नाही.

मुळात ऑटोमॅटिकमध्ये एक सरकणं मुद्दाम ठेवलेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. त्यात पात्यांची दोन चाकं समोरासमोर, एक इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. दोघांचा एकमेकांशी स्पर्श नाही. इंजिनाकडचं चाक तेल भिरकावतं, ते तेल दुसऱ्याच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवतं, आणि मधलं तिसरं छोटं चाक परतणाऱ्या तेलाला वळण देऊन जोर वाढवतं. म्हणूनच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहू शकते, इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ सालची, आणि ती जहाजांसाठी होती. स्टीम टर्बाइन फार वेगानं फिरे, जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. त्या दोघांची सोयरीक त्यानं पाण्यामार्फत जुळवली. तेव्हा कन्व्हर्टरमधलं सरकणं हा दोष नव्हे, ती सोय आहे. दोष म्हणजे त्याच्या पुढचं सरकणं, जिथे प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं तिथलं.

त्या प्लेटांची रचना मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. गिअरबॉक्सच्या पोटात दात असलेली चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात: मध्ये एक, त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार, आणि त्या सर्वांना वेढणारं एक कडं. दांडा सरकवून गिअर बदलत नाही. यातलं कुठलं चाक इंजिनाला जोडायचं आणि कुठलं जखडून ठेवायचं, एवढंच बदलतं, आणि त्यावरून पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स ठरतो. जोडण्याचं आणि जखडण्याचं काम प्लेटांच्या गठ्ठ्यांचं. एक पोलादी प्लेट, एक अस्तर लावलेली, पुन्हा एक पोलादी, अशी चळत. तिच्यामागे पिस्टन. पिस्टनमागे तेलाचा दाब आला की चळत आवळली जाते, दाब गेला की सुटते. आणि ते अस्तर बहुतेक गाड्यांत चक्क कागदाचं असतं. राळेत भिजवून भट्टीत कडक केलेला, सूक्ष्म छिद्रांचा, तेल पिऊन राहणारा कागद. दीड टनाची गाडी चढावर ओढली जाते ती मिलिमीटरहूनही पातळ अशा कागदी थरांच्या पकडीवर. ज्यानं हे पहिल्यांदा करून पाहिलं त्याच्या धैर्याला माझा नमस्कार आहे.

गाडी आधी एका मोठ्या, चकचकीत दुकानात नेली. त्यांनी स्कॅनर लावला, पी०७३३ हा कोड वाचला आणि गिअरबॉक्स बदलण्याचं अंदाजपत्रक हातात ठेवलं. गाडीच्या बाजारभावापेक्षा तो आकडा मोठा होता. कोड खोटा नव्हता. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत हे स्वतःचं दुखणं नोंदवणारं यंत्र सक्तीचं आहे. गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग यांची ते सतत तुलना करतं, आणि तिसऱ्या गिअरचं प्रमाण जुळत नाही असं दिसलं की हा कोड टाकतं. म्हणजे तिसरा सरकतोय, एवढंच. तो का सरकतोय हे त्या कोडला ठाऊक नसतं. तेल कमी असेल, केबल ढिली असेल, सोलेनॉइड चिकटला असेल, सील कडक झालं असेल, प्लेटा जळल्या असतील. यातली काही कारणं एका पान्यानं मिटतात आणि काहींसाठी सगळा डबा उतरवावा लागतो. या दोन टोकांमधलं अंतर न मोजता थेट शेवटच्या टोकाला जाणं याला मी निदान म्हणत नाही.

मग मी इप्सिलँटीकडच्या एका छोट्या दुकानात गेलो. तिथे फक्त गिअरबॉक्सचंच काम होतं. मालक आता सत्तरीकडे झुकलेले. मनातल्या मनात मी त्यांना वस्ताद म्हणतो, आणि इथेही तेच म्हणेन. त्यांची हयात विलो रनच्या कारखान्यात गेली, २०१० साली तो बंद होईपर्यंत.

विलो रनचं नाव घेतल्यावर थोडं थांबायला हवं. पहिला खऱ्या अर्थानं यशस्वी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. तो १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला. युद्ध पेटल्यावर तोच एम५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसवला गेला, आणि युद्धानंतर त्याला एवढी मागणी आली की डेट्रॉईटजवळच्या लिव्होनियाचा अवाढव्य कारखाना रात्रंदिवस चाले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी तिथे कटिंग टॉर्चची ठिणगी उडाली, तेलानं पेट घेतला, छतावरचं डांबर वितळून पेटतच खाली गळू लागलं आणि काही तासांत सगळा कारखाना गेला. आग अडवायला आत भिंतीच नव्हत्या. पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक या गाड्यांना गिअरबॉक्स मिळेनात. काहींना भावंडांच्या कारखान्यातले, वेगळ्याच जातीचे गिअरबॉक्स बसवून वेळ मारून न्यावी लागली. तेव्हा कंपनीनं इप्सिलँटीजवळचा विलो रनचा कारखाना घेतला. युद्धात फोर्डनं तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बांधली होती, ऐन भरात तासाला एक. तीन महिन्यांच्या आत त्या विमानांच्या छपराखाली गिअरबॉक्स तयार होऊ लागले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ होत राहिले. आमच्या परिसरातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. तिथल्या लोकांना गिअरबॉक्स कळतो तो असा, घरातल्या कर्त्याच्या पगारातून.

वस्तादांनी स्कॅनरला हात लावला नाही. आधी त्यांनी मुलीला बोलतं केलं. थंड असताना सरकते की गरम झाल्यावर? वळणावर सरकते का? वळणावर सरकत असेल तर तेल कमी. ते एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. रिव्हर्समध्ये कशी आहे? यावर मुलगी थबकली. आमच्या घरासमोरच्या उतारावरून गाडी मागे चढवताना ती हल्ली जास्त रेस देत होती, हे तिला विचारल्यावर आठवलं. वस्तादांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात काहीतरी एका खान्यात जाऊन बसलं होतं.

मग डिपस्टिक. तेल तपासायचं ते गाडी पुरती गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, आणि लिव्हर एकदा सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये आणून. (काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पाहायचं असतं; आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी वाचावं.) पातळी बरोबर होती. त्यांनी पट्टीचं टोक पांढऱ्या टिश्यू कागदावर टेकवलं आणि गप्प उभे राहिले. तेलाचा थेंब कागदावर पसरत गेला. कडेला तांबूस वलय, मध्ये चहाहून गडद तपकिरी डाग, आणि त्या डागात बारीक काळे कण. मग त्यांनी तो कागद नाकाशी नेला आणि माझ्यासमोर धरला. तव्यावर विसरलेल्या पापडासारखा जळका, नाकात चढणारा वास.

हे तेल तांबडं असतं ते केवळ रंग घातल्यामुळे. गाडीखाली डाग दिसला तर तो गिअरबॉक्सचा की इंजिनाचा, हे ओळखता यावं म्हणून. गुलाबी, दुधाळ झालं तर रेडिएटरमधलं पाणी त्यात शिरलं असं समजायचं. ते फार वाईट, कारण पाण्यानं अस्तराचा डिंकच सुटतो. नुसतं काळसर झालं तर म्हातारं. काळं आणि जळकं झालं तर कुठल्यातरी प्लेटा आपली कातडी सोडत आहेत. या तेलाला जितकी कामं असतात तितकी गाडीतल्या दुसऱ्या कुठल्याच द्रवाला नसतील. ते जोर पोचवतं, पिस्टन ढकलतं, दातांना वंगण देतं, उष्णता वाहून नेतं, आणि प्लेटांनी किती पटकन आणि किती मऊपणे पकडायचं तेही तेच ठरवतं. या शेवटच्या कामासाठी एकेकाळी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली, आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. गुळगुळीत गिअर पडावा म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते, हे कळल्यापासून मला या तांबड्या तेलाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

तेल जळकं आहे म्हणजे प्लेटा गेल्या, इथवर कुणीही आलं असतं. वस्ताद तिथे थांबले नाहीत. त्यांनी आधी बॉनेटमधली केबल पाहिली. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे एक पातळ केबल जाते. पाय जितका दाबाल तितका आतला तेलाचा दाब वाढवायचा, हा तिचा निरोप. ती ढिली झाली तर इंजिन जोरात आणि दाब मात्र कमी, मग चांगल्या प्लेटाही सरकतात. दोन नट फिरवून मिटणारं हे दुखणं. आमची केबल ठीक होती. मला वाईट वाटलं, पण तपासण्याचा क्रम पाहून बरंही वाटलं. स्वस्त कारण आधी निकालात काढायचं, महाग कारण मागून.

मग त्यांनी मुलीच्या पायाची हुशारी बंद पाडणारी परीक्षा घेतली. चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, डावा पाय ब्रेकवर गच्च रोवला, लिव्हर डीमध्ये टाकला आणि उजव्या पायानं ॲक्सिलरेटर तळाला नेला. गाडी थरथरत जागेवर उभी, इंजिन गरजतंय. पाच सेकंदांच्या वर हे करायचं नाही. तेवढ्यात तेल उकळायच्या बेताला येतं. अशा वेळी इंजिन एका ठरलेल्या आकड्यापर्यंतच चढलं पाहिजे, कारण पुढे सगळं जखडलेलं असतं. आकड्याच्या वर गेलं तर आत काहीतरी सरकतंय. खाली राहिलं तर इंजिन दमलंय किंवा कन्व्हर्टर बिघडलाय. डीमध्ये काटा बरोबर जागी थांबला. तेल निवू दिलं, आणि मग रिव्हर्समध्ये तेच. काटा त्या आकड्याला ओलांडून बराच वर गेला.

भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक तेलकट तक्ता होता. उभ्या रांगेत गिअर, आडव्या रांगेत प्लेटांचे गठ्ठे, आणि कुठल्या गिअरला कुठला गठ्ठा लागतो तिथे टिंब. वस्तादांनी तिसऱ्या गिअरवर बोट ठेवलं, मग रिव्हर्सवर. दोन्ही ओळींत समान असलेलं टिंब एकच होतं: डायरेक्ट क्लच. रिव्हर्सला आणखी एक ब्रेक, म्हणजे जखडणारा गठ्ठा, लागतो, पण तोच ब्रेक लिव्हर एलमध्ये टाकल्यावर उतारावर गाडी रोखून धरतो. आमची गाडी एलमध्ये व्यवस्थित रोखत होती, म्हणजे तो निर्दोष. फॉरवर्ड क्लच डीमध्ये लागतो, तिथे काटा बरोबर होता, तोही निर्दोष. शेकडो भागांच्या त्या डब्याला अजून एक बोल्टही न काढता संशय एका गठ्ठ्यावर येऊन ठेपला होता. मला त्या क्षणी झालेला आनंद मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. एखादं बिकट प्रमेय सुटल्यावर शाळेत होई तो, पण इथे त्याला तेलाचा वास होता.

दाब मोजणं राहिलं होतं. बाजूचा एक छोटा बूच काढून तिथे गेज लावला. डीमध्ये ठीक. रिव्हर्समध्ये दाब डीपेक्षा जास्त असायला हवा, तसा तो होता. म्हणजे पंप, गाळणी आणि दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह धडधाकट; दाब निघतो तिथून पुरेसा निघतो, पण पोचतो तिथे टिकत नाही. खालचं पॅन उघडलं. चुंबकावर राखाडी लेप होता, तो म्हाताऱ्या गिअरबॉक्समध्ये असायचाच. पितळेचे किंवा पोलादाचे तुकडे नव्हते. काळा चुरा मात्र होता. मग त्यांनी व्हॉल्व्ह बॉडी उतरवली. ॲल्युमिनिअमचा तो ठोकळा, आत नागमोडी वाटांचं जाळं, वाटेवाटेवर स्प्रिंगा आणि छोट्या गोळ्या. तो सुटा झाल्यावर केसिंगमधली एकेक भोकं दिसू लागली आणि त्या भोकांवर त्यांनी हवेची नळी टेकवली. फॉरवर्ड क्लचच्या भोकात हवा सोडली. आतून 'धप्' असा पोकळ, समाधानी आवाज आला. पिस्टन सरकला, प्लेटा आवळल्या. मग डायरेक्ट क्लचच्या भोकात. धप् नाही. नुसती फुस्सऽऽ अशी लांब सुटत जाणारी हवा.

"सील," ते म्हणाले. "प्लेटा नंतर जळल्या. आधी सील गेलं."

गिअरबॉक्स उतरवून तो गठ्ठा हातात आला तेव्हा त्यांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. पिस्टनच्या कडेला रबराची एक पातळ ओठासारखी कडा असते. दाब आला की ती भिंतीला चिकटते आणि तेल अडवते. नवी असताना बोटात गुंडाळता येते. ही वाकवली तर कट्‌कन तुटली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर लाकूड झालं होतं. गाडी थंड असताना तेल जाड असतं, म्हणून कसंबसं अडत होतं. गरम झाल्यावर तेल पातळ होऊन कडेनं निसटायचं. निसटलं की दाब कमी. दाब कमी की प्लेटा सरकणार. सरकल्या की उष्णता. उष्णतेनं सील आणखी कडक. रेडिएटरच्या पोटातून जाणारा कूलर जुना, वर हायवेची धाव. हे चक्र किती काळ फिरत होतं देव जाणे. कागदी अस्तर काळं आणि काचेसारखं चकचकीत झालं होतं, छिद्रं बुजलेली, पोलादी प्लेटांवर निळे-जांभळे डाग. जिथे मुलीचा पाय सांभाळून घेत होता, तिथे आत हे चाललं होतं.

पुष्कळजण अशा वेळी बाटलीतलं औषध टाकतात, किंवा तेल बदलून बघतात. जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो मरतो, अशी एक समजूत इथे घट्ट आहे. मी वस्तादांना विचारलं. त्यांचं उत्तर मला पटलं: मेलेल्याचंच तेल लोक बदलतात, आणि मग तेलाला दोष देतात. सरकायला लागल्यावर नवं तेल घातलं तर त्यात जुन्या चुऱ्याची उरलीसुरली खरखर राहत नाही, आणि आधीच गेलेली पकड उघडी पडते. सरकायच्या आधी, रंग फिकट तपकिरी असताना बदललं तर ते तारतं. बाटलीतली काही औषधं रबर थोडं फुगवून चार दिवस काढून देतात, हेही खरं. पण जळलेला कागद कुठल्याच बाटलीनं परत येत नाही.

बांधणीचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं आणि ते पाहण्याजोगं होतं. नव्या प्लेटा आधी ट्रेमध्ये ताज्या तेलात बुडवून ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच आवळणीत जळतात. सील बसवताना ग्रीस नाही, पेट्रोलियम जेली. ती तेलात विरघळून जाते. ग्रीस बारीक वाटा बुजवतं. पुसायला चिंध्या नाहीत, कारण एक सुताचा धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. सीलची कडा बसवताना दुमडू नये म्हणून त्यांनी एक पातळ, कडा घासून गुळगुळीत केलेली पट्टी वापरली आणि पिस्टन दोन्ही तळव्यांनी, जराही जोर न लावता, फिरवत-फिरवत आत उतरवला. ते हात सत्तरीचे, बोटांची पेरं सुजलेली. त्या एका कृतीत त्यांचा श्वास अगदी मंद झाला होता. मग चळत लावून फीलर गेजनं फट मोजली. जास्त असेल तर उशिरा पकड, कमी असेल तर कायमची घसट. पोलादी प्लेट बदलून ती हव्या त्या मापात आणली.

उघडलाच आहे तर बाकीची सगळी सीलंही बदलली. त्याच वयाची ती, आज नाही तर उद्या गेलीच असती. कन्व्हर्टर बदलला, कारण त्याच्या पोटातला चुरा धुऊन निघत नाही. कूलरच्या नळ्या उलट्या दिशेनं धुतल्या आणि रेडिएटरच्या पुढे एक छोटा जादा कूलर बसवला. माझ्या मते या साऱ्या दुरुस्तीत तोच सर्वांत महत्त्वाचा भाग. सील का गेलं याचं उत्तर उष्णता हे असेल, तर उष्णतेचं काही केल्याशिवाय नवं सील बसवणं म्हणजे त्याच वाटेनं दुसऱ्याला धाडणं. खर्च मोठ्या दुकानाच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला. तो थोडा होता असं नाही. एवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी मिळाली असती, पण तिच्या आतलं काय माहीत असतं? हिच्या पोटातली एकेक कडा मी पाहिली आहे.

गाडी परत आल्यावर मुलीला पहिले काही दिवस तिसरा गिअर पडायच्या सुमारास पाय सैल करायची सवय सोडवेना. आता तशानं गिअर लवकर पडे आणि गाडी ढिली वाटे. पाय सरळ ठेवायला तिला नव्यानं शिकावं लागलं. वस्तादांनी तिला डिपस्टिक पाहायला शिकवली: गरम गाडी, सपाट जागा, लिव्हर फिरवून पार्क, पांढरा कागद. तेल दर तीस हजार मैलांनी बदलायचं. पॅन काढलं तरी निम्म्याहून अधिक तेल कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये राहतंच, त्यामुळे ते हप्त्याहप्त्यानं बदलतं हेही सांगितलं.

परवा तिची मैत्रीण आपली गाडी घेऊन आली होती, फक्त पाच-सहा वर्षांची. मुलगी उत्साहानं बॉनेट उघडून पट्टी शोधू लागली. पट्टी नव्हती. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ती नसतेच. तेल जन्मभर पुरेल असं सांगतात, आणि तो जन्म कुणाचा, गाडीचा की हमीपत्राचा, ते सांगत नाहीत. पातळी पाहायची तर गाडी चारही चाकांवर सपाट उचलायची, स्कॅनरवर तेलाचं तापमान ठरलेल्या अंशांत आणायचं, खालचा बूच उघडायचा आणि तेल थेंबथेंब गळतंय का ते बघायचं. घरच्या घरी कोण करणार? ज्या यंत्राचं अर्धं निदान एका थेंबाच्या रंगात आणि वासात असतं, त्याचा तो थेंबच मालकाच्या हातून काढून घेतला, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. मुलीनं मैत्रिणीच्या गाडीचे मैल विचारले, हिशेब केला आणि वस्तादांचा नंबर तिला दिला. पुढच्या आठवड्यात ती गाडी त्यांच्या लिफ्टवर चढणार आहे, सरकायच्या आधी.